आडवाटांची नोंदवही : मार्केट यार्ड, राउटर आणि न सांगितलेल्या मर्यादा

१/
इतिहासाच्या वाचकाला तह, सनदा, बखरी आणि शिलालेख परिचयाचे असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र दस्तऐवजाचा एक नवाच प्रकार रूढ झाला आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष अद्याप फारसे गेलेले नाही. राउटरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की निर्माते तिच्यासोबत एक टिपण देतात. त्यात एक प्रकरण ठरलेले असते : ज्ञात मर्यादा आणि त्यांवरील आडवाटा. अमुक गोष्ट या यंत्राला जमत नाही, तोवर तमुक करावे, अशी ती कोरडी यादी असते. हा धागा त्या यादीविषयी आहे. तिचा अर्थ उलगडण्यासाठी पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारखी दुसरी जागा नाही.

२/
प्रतिपादन आरंभीच मांडलेले बरे. कोणत्याही व्यवस्थेला मर्यादा असतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मर्यादा ठाऊक असताना, तिचा भार ज्याच्यावर पडणार त्याला ती न सांगणे हा अन्याय आहे. शिवाय प्रत्येक आडवाटेवरून कोणाला तरी ओझे वाहावे लागते. टिपणात आडवाट लिहिलेली असते. वाहणाऱ्याचा उल्लेख नसतो. तो उल्लेख शोधून काढणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

३/
प्रथम राउटर म्हणजे काय, ते पाहू. इंटरनेटवरचा मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागून पाठवला जातो. प्रत्येक पॅकेटावर जिथे पोहोचायचे तो पत्ता असतो. राउटर तो पत्ता वाचतो, आपल्याजवळच्या मार्गकोष्टकात पाहतो आणि पॅकेट पुढच्या टप्प्याकडे ढकलतो. संपूर्ण प्रवास त्याला ठाऊक नसतो. फक्त पुढचे पाऊल ठाऊक असते. मार्केट यार्डात पहाटेपूर्वी येणाऱ्या मालाचेही असेच आहे. पोत्यावर मार्का असतो, मार्क्यावरून गाळा कळतो, गाळ्यावरून अडत्या. प्रवेशद्वारावरच्या माणसाला त्या मालाचे शेत ठाऊक नसते आणि तो कोणत्या स्वयंपाकघरात शिजणार तेही ठाऊक नसते. तरी माल पोहोचतो.

४/
हे यार्डच मुळात एका मर्यादेतून जन्मले. पुण्याचा घाऊक व्यापार पूर्वी जुन्या पेठांत आणि मंडईच्या परिसरात चाले. बैलगाडीच्या मापाने आखलेल्या त्या गल्ल्यांना मालमोटारींचा भार पेलवेना. माल होता, गिऱ्हाईक होते, वाट मात्र अपुरी होती. तेव्हा घाऊक व्यापार गुलटेकडीला हलवण्यात आला. नगररचनेच्या भाषेत हे स्थलांतर झाले. जाळ्याच्या भाषेत ही गर्दीच्या ठिकाणाहून मार्ग बदलण्याची कृती होती. आडवाट म्हणून निवडलेली जागा पुढे मुख्य रस्ता झाली, आणि शहर वाढत वाढत तिच्याही चहूबाजूंनी आले.

५/
आता पहिली मर्यादा : पत्ते. इंटरनेटच्या पत्त्यांची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये लिखित स्वरूपात आली. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा ठरला. म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या काळी जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या आसपास होती आणि संगणक हे विद्यापीठांचे, लष्कराचे व मोठ्या कंपन्यांचे यंत्र होते. ४२९ कोटी ही संख्या तेव्हा अथांग वाटली असेल तर नवल नाही. दहा-बारा वर्षांतच अभियंत्यांना तळ दिसू लागला.

६/
मे १९९४ मध्ये एक उपाय लेखी मांडला गेला. एका संस्थेतील अनेक संगणकांना आतले खासगी पत्ते द्यावेत, आणि बाहेर जाताना राउटरने ते सर्व एकाच सार्वजनिक पत्त्याआड झाकावेत. याला पत्त्यांचे भाषांतर म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नॅट’. ही अल्पकालीन सोय आहे, दीर्घकालीन उपाय तयार होईपर्यंतची, असे त्या दस्तऐवजातच स्पष्ट म्हटले होते. दीर्घकालीन उपाय, म्हणजे १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती, डिसेंबर १९९५ मध्ये प्रथम लिहून झाली. तीन दशके उलटली. अल्पकालीन सोय आजही घराघरांतल्या राउटरमध्ये नांदते आहे.

७/
मार्केट यार्डाला ही रचना नवी वाटणार नाही. जुन्नर, पुरंदर, शिरूरचे शेकडो शेतकरी माल पाठवतात. बाजाराला दिसते ते गाळ्याचे आणि अडत्याचे नाव. खरेदीदार अडत्याशी बोलतो, उधारी अडत्याच्या वहीत लिहिली जाते, आणि शेतकऱ्याच्या हाती पडते ती पट्टी. प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःचा गाळा मिळणे अशक्य होते, म्हणून एका गाळ्याच्या आड अनेकांनी उभे राहण्याची सोय झाली. सोय खरी होती. अडत्या उचल देत असे, माल नाशवंत असताना गिऱ्हाईक मिळवून देत असे. तिची किंमतही तितकीच खरी होती : आत असलेल्याला बाहेरून कोणी थेट हाक मारू शकत नाही.

८/
‘नॅट’चेही हेच झाले. आतला संगणक बाहेर बोलू शकतो. बाहेरच्याने आतल्याला आपण होऊन गाठणे मात्र अवघड होते. इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती की प्रत्येक टोक दुसऱ्या कोणत्याही टोकाशी समान पायरीवर बोलेल. घरातल्या संगणकावरून स्वतःचे संकेतस्थळ चालवणारा, स्वतःचा निरोप स्वतः पोहोचवणारा नागरिक त्या कल्पनेत होता. पत्ते झाकले गेल्यावर मधल्या मोठ्या सेवादारांवाचून चालेनासे झाले. मूठभर कंपन्यांच्या हाती जाळे एकवटण्याची कारणे अनेक आहेत. त्यांत या आडवाटेचाही वाटा आहे.

९/
पुढे दूरसंचार कंपन्यांनी हजारो ग्राहक एकेका पत्त्यामागे ठेवायला सुरुवात केली. या वापरासाठी एप्रिल २०१२ मध्ये पत्त्यांचा वेगळा गट राखून ठेवण्यात आला. त्यापूर्वी, ३ फेब्रुवारी २०११ रोजी, जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गट पाच प्रादेशिक संस्थांना वाटून संपले होते. सामायिक पत्त्यामागच्या एकाने गैरवर्तन केले आणि पत्ताच बंदी घातलेल्यांच्या यादीत गेला, तर शिक्षा सगळ्यांना होते. गाळा बदनाम झाला की त्या गाळ्यावर माल लावणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याचाही भाव पडावा, तसे हे आहे.

१०/
मात्र आडवाटेचा भार कोणी उचलायचा, हा निसर्गनियम नसतो. तो निर्णय असतो. महाराष्ट्रात अडत दीर्घकाळ शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरवले. व्यापाऱ्यांनी विरोध केला, बाजार बंद राहिले. त्या निर्णयाच्या फलिताबद्दल मतभेद असू शकतात. एक गोष्ट मात्र त्याने उघड केली : पट्टीतील जी वजावट ‘बाजाराची रीतच आहे’ म्हणून सांगितली जात होती, ती लेखणीच्या एका फटकाऱ्याने दुसऱ्या रकान्यात जाऊ शकत होती.

११/
दुसरी मर्यादा : पोत्याचा आकार. ईथरनेट जाळ्यावर एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. १९८० च्या सुमारास ठरलेले हे माप आजही सर्वत्र चालते. वाटेत एखादा टप्पा याहून अरुंद असेल तर पॅकेट फोडावे लागते, किंवा ‘एवढे मोठे पाठवू नका’ असा उलट निरोप पाठवणाऱ्याला द्यावा लागतो. हा उलट निरोप पोहोचण्यावर मापाचा सारा हिशेब बसवण्याची रीत नोव्हेंबर १९९० च्या मानकात आहे.

१२/
पुढे असे झाले की सुरक्षेच्या भयाने अनेक ठिकाणच्या व्यवस्थापकांनी असे निरोप सरसकट अडवले. परिणाम विचित्र होता. लहान पॅकेटे सुखरूप जात. मोठी पॅकेटे निमूटपणे नाहीशी होत. संकेतस्थळ उघडू लागे आणि अर्ध्यावर थिजे. अभियंत्यांनी या प्रकाराला ‘कृष्णविवर’ म्हटले आणि सप्टेंबर २००० मध्ये त्याची रीतसर नोंद केली. फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये हा अनुभव सर्रास येई, कारण तिथे ८ बाइट वेष्टनातच जात आणि १४९२ च उरत. आडवाट अशी निघाली की मधल्या राउटरनेच दोन्ही बाजूंच्या संभाषणात हात घालून मापाचा आकडा १४५२ पर्यंत गुपचूप खाली आणावा. आज असंख्य राउटर ते करतात. ज्याने निरोप अडवला तो निवांत राहिला. मधल्याचे काम वाढले.

१३/
मार्केट यार्डाच्या भुसार विभागात या मर्यादेचा इतिहास माणसाच्या पाठीवर लिहिलेला आहे. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणे ही एके काळी बाजारातली रोजची बाब होती. ते माप तराजूला सोयीचे होते, हिशेबाला सोयीचे होते, बारदानाचा खर्च वाचवणारे होते. पाठीचा कणा हा त्या हिशेबातला रकानाच नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने वाहायच्या कमाल भाराविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने पोते ५० किलोचे असावे, ही मागणी लावून धरली.

१४/
या मागणीचे ऐतिहासिक मोल नीट पाहावे. तोवरची आडवाट अशी होती : पोते जड आहे, तर दणकट हमाल शोधा; तो थकला की दुसरा आणा. हमालांच्या संघटनेने मर्यादा पाठीची आहे हे मान्य करायला लावले आणि बदल पोत्यात मागितला. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने या श्रमाला कायद्यात नाव मिळाले. १९७४ मध्ये हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. श्रमिकांना परवडणारे ताजे अन्न मिळावे, हा तिचा हेतू. ओझे वाहणाऱ्याचे नाव नोंदवहीत आले की व्यवस्थेचे मापच बदलू लागते, याचा हा पुणेरी दाखला.

१५/
तिसरी मर्यादा सर्वांत नाजूक : विश्वास. जगभरातील मोठी जाळी एकमेकांना ‘अमुक पत्त्यांकडे जाणारी वाट माझ्याकडून आहे’ असे सांगतात. या सांगण्याची भाषा जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर मांडली. बीजीपी हे तिचे नाव. त्या वेळी जाळ्यातले लोक एकमेकांना ओळखत. म्हणून शेजाऱ्याने सांगितलेली वाट खरी आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. तातडीची गरज भागवणारी ती रचना आजही साऱ्या इंटरनेटचा कणा आहे.

१६/
फळ यथाकाल मिळाले. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील एका लहान सेवादाराच्या राउटरने इंटरनेटच्या मोठ्या भागाकडे जाण्याची उत्तम वाट आपल्याकडूनच आहे, अशी चुकीची घोषणा केली. जगाने विश्वास ठेवला आणि वाहतूक त्या अरुंद बोळात कोंबली गेली. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशापुरते बंद करण्यासाठी केलेली मार्गघोषणा सीमेबाहेर पसरली, आणि सुमारे दोन तास जगातील बहुतेकांना यूट्यूब गाठता आले नाही. दोन्ही वेळी सॉफ्टवेअरने नेमून दिलेले कामच केले. ऐकले ते खरे मानणे, हेच त्याला शिकवले होते.

१७/
बाजारपेठेच्या इतिहासात हा प्रश्न जुना आहे. रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची हत्ता पद्धत देशातील अनेक बाजारांत चाले. शेतकरी शेजारी उभा असे, पण आपल्या मालाचा भाव त्याला दिसत नसे. अडत्या सांगेल तो आकडा खरा. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा झाला, १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने आजच्या बाजार समित्यांची घडी बसवली. या सगळ्या खटाटोपाचा एक गाभा होता : भाव उघड बोलला जावा आणि वजन सर्वांसमक्ष व्हावे.

१८/
जाळ्यानेही हीच वाट धरली, पण उशिरा. पत्त्यांचा खरा धनी कोण, हे डिजिटल स्वाक्षरीने पडताळण्याच्या व्यवस्थेची मानके २०१२ मध्ये आली. तोवर आडवाट म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या दारात हाताने लिहिलेली गाळणी : या शेजाऱ्याकडून एवढ्याच वाटा मान्य, याहून अधिक आल्या तर संबंध तोडा. नव्या व्यवस्थेचीही मर्यादा लपवलेली नाही. घोषणा जिथून निघाली ते ठिकाण ती पडताळते; वाटेतला प्रत्येक टप्पा पडताळत नाही. लिलाव उघड झाला तरी लिलावानंतर पट्टीत काय लिहिले जाते, ते पाहावेच लागते.

१९/
मर्यादा उघड सांगितल्याने काय साधते, याचे सुंदर उदाहरण म्हणजे २३४५६ हा आकडा. जगातील प्रत्येक स्वायत्त जाळ्याला एक क्रमांक असतो. आरंभी तो १६ बिटांचा होता, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे मोजणी नव्हती. क्रमांक संपणार हे दिसताच मे २००७ मध्ये ३२ बिटांचे क्रमांक मान्य झाले. जुन्या राउटरना मात्र एवढा मोठा क्रमांक वाचता येईना. तेव्हा ठरले की, जुन्या यंत्राशी बोलताना प्रत्येक नव्या जाळ्याच्या जागी २३४५६ हा एकच सामायिक क्रमांक लिहावा, आणि खरा क्रमांक सोबतच्या चिठ्ठीत पुढे जाऊ द्यावा. जुन्या यंत्राला चिठ्ठी कळत नाही, पण ती फेकून न देता पुढे देणे त्याला जमते. पुढचे नवे यंत्र ती वाचते. निरक्षर पण विश्वासू जासुदाच्या हाती पत्र द्यावे, तशी ही योजना. जुन्याला न हिणवता आणि खऱ्याचा लोप न होऊ देता संक्रमण कसे करावे, याचा हा धडा आहे.

२०/
उलट उदाहरण १२ ऑगस्ट २०१४ चे. त्या काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या काही जुन्या राउटरमध्ये मार्गकोष्टकासाठी जलद स्मृतीची जागा मूळ मांडणीत ५,२४,२८८ नोंदींपुरती होती. जागतिक कोष्टक फुगत त्या आकड्याजवळ आले होते. निर्मात्या कंपनीने काही महिने आधीच जाहीर इशारा दिला होता आणि आडवाटही सांगितली होती : सहाव्या आवृत्तीसाठी राखलेल्या स्मृतीतला काही भाग चौथीकडे वळवा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. त्या दिवशी एका मोठ्या सेवादाराकडून अचानक सुमारे १५,००० जादा नोंदी आल्या, मर्यादा ओलांडली गेली आणि ठिकठिकाणची जाळी अडखळली. टिपण होते. ज्यांच्यासाठी होते त्यांतील कित्येकांनी ते वाचून वेळेत काही केले नव्हते.

२१/
याच विषयाचा एक अध्याय पुण्यातच घडला, गुलटेकडीपासून काही किलोमीटरवर, गणेशखिंडीच्या बाजूला. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. ही कथा राष्ट्राभिमानाने सांगितली जाते आणि ती तशी सांगण्याजोगी आहेच. तिच्या पोटातली तांत्रिक अडचण मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या यंत्रात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला शेजाऱ्याशी जोडणारे दुवे होते चारच. ६४ प्रोसेसरांच्या यंत्रात बहुतेक जण एकमेकांचे थेट शेजारी असूच शकत नव्हते.

२२/
त्या पिढीच्या ट्रान्सप्यूटरमध्ये दूरचा निरोप आपोआप पुढे धाडणारी यंत्रणा नव्हती. म्हणून ते काम सॉफ्टवेअरने करायचे. वाटेतल्या प्रोसेसरने स्वतःचे गणित चालू ठेवत परक्याचा निरोप घ्यायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा. भुसार बाजारात एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीकडे हातोहात पोती सरकवावीत, तसे हे काम. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये नवे प्रोसेसर सहज बसवता येतील अशी सुटी रचना आली, आणि विस्तारासाठी चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन केंद्रांसाठी मांडलेली जोडणीची पद्धत उपयोगी पडली. पुढे सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचे वेगवान जाळेही घडवले. यशोगाथेची पायरी न् पायरी कोणत्या ना कोणत्या मर्यादेचे उत्तर आहे. ती मर्यादा गाळून गाथा सांगितली तर कर्तृत्वाचा अर्धा अर्थ निसटतो.

२३/
येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला : आडवाट म्हणजे आपला जुगाड, त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही, जोवर तो लिहून ठेवला जातो. नोंद नसलेला जुगाड करणाऱ्याच्या डोक्यात राहतो. तो माणूस गेला की मागच्यांना तो अपघात होऊन भेटतो. दुसरा : मर्यादा जाहीर केल्या तर दुष्टांना वाट दाखवल्यासारखे होईल. सुरक्षेतील ताज्या छिद्राची दुरुस्ती होईपर्यंत गुप्तता पाळणे योग्यच. पण ज्या मर्यादा वर्षानुवर्षे तशाच आहेत, त्या दुष्टांना ठाऊक झालेल्याच असतात. अंधारात राहतो तो साधा वापरकर्ता. रुमालाखालच्या बोटांचा अर्थ व्यापाऱ्यांना पुरता ठाऊक होता. तो कळत नसे एकट्या शेतकऱ्याला.

२४/
आजच्या मार्केट यार्डाकडे या नजरेने पाहिले की प्रश्न टोकदार होतो. भावाची विचारपूस फोनवर, पैसे फोनवर, वजनाची नोंद संगणकात. गाळ्याच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या धुळीत, एक लहानसा राउटर लुकलुकत असतो. तो अडला की ‘नेट गेलं’ एवढे दोनच शब्द उच्चारले जातात. त्या दोन शब्दांत पत्त्यांची टंचाई, न बदललेले सॉफ्टवेअर, अरुंद दुवा, चुकीची मार्गघोषणा, सगळे गडप होते. भाजी मात्र थांबत नाही, ती सुकते. जाळे अडल्याची झळ प्रथम नाशवंत माल घेऊन उभ्या असलेल्याला लागते.

२५/
म्हणून एक मागणी रास्त ठरते. सार्वजनिक बाजारात जी कोणती डिजिटल व्यवस्था बसवली जाईल, तिच्या ज्ञात मर्यादांची यादी मराठीत असावी, आणि दिवसाचे भाव जिथे लावले जातात त्याच फलकाशेजारी लावलेली असावी. यंत्र काय करू शकत नाही, ते अडले तर कागदावरची कोणती रीत चालेल, आणि त्या काळातले नुकसान कोणाच्या नावे लिहिले जाईल, हे तीन रकाने पुरेसे आहेत. तिसरा रकाना निर्मात्यांच्या टिपणात कधीच नसतो. तो बाजार समितीनेच घालावा लागेल, आणि शेतकरी, अडते, हमाल, तोलणार या सर्वांनी मिळून भरावा लागेल.

२६/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी कामही तयार आहे. राउटरांची जुनी टिपणे, बाजार समित्यांचे ठराव, हमालांच्या संघटनांची पत्रके, हिशेबाच्या पट्ट्या ही सगळी एकाच कुळातली साधने आहेत. नवी आवृत्ती आली की जुने टिपण संकेतस्थळावरून काढले जाते. गाळा दुसऱ्याच्या हाती गेला की जुन्या वह्या रद्दीत जातात. पेशवे दफ्तर टिकले कारण कोणीतरी रुमाल बांधून ठेवले. आपल्या काळाचे रुमाल अजून बांधले गेलेले नाहीत. जो कोणी ते बांधायला घेईल, त्याने विजयाच्या कागदांसोबत ‘हे जमत नाही’ असे लिहिलेले कागदही त्याच गाठोड्यात ठेवावेत.